अलिबागहून आलेलं मानसशास्त्र

मुंबईत एखाद्याला बावळट ठरवायचं असेल तर त्याचं गाव विचारायची पद्धत आहे. ‘अलिबागसे आया है क्या?’ हा सवाल हिंदी सिनेमांनी आणि टीव्हीवरच्या विनोदवीरांनी इतका वापरून गुळगुळीत केला आहे, की ज्यांना अलिबाग कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नाही तेसुद्धा तो सहज फेकतात. एका अलिबागकराने वैतागून याविरुद्ध थेट मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २०१९च्या सुरुवातीला मुख्य न्यायमूर्ती नरेश पाटील यांच्या खंडपीठाने ती याचिका फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा न्यायालयाचा सूर होता.

न्यायालयाचं काम तेवढंच होतं. पण असा समज जन्माला कसा येतो आणि पुरावा नसताना पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा, हा प्रश्न उरतोच, आणि तो मानसशास्त्राचा आहे. वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने १९२२ साली अशा ठोकळेबाज समजांना ‘डोक्यातली चित्रं’ म्हटलं होतं. चित्र एकदा बसलं की माणूस त्याला जुळणाऱ्या घटना तेवढ्या टिपतो. अलिबागचा माणूस फसला, तर ती गोष्ट चहाबरोबर चार जणांना सांगितली जाते. अलिबागचा माणूस फसला नाही, हे कोणी सांगत नाही. दादरचा माणूस फसला तर तो नशिबाने फसला, आणि दादरचा न फसलेला माणूस तर कोणाच्या खिजगणतीतच नसतो. वास्तविक अलिबागकर जास्त भोळे आहेत की नाहीत हे ठरवायला या चारही रकान्यांतले आकडे हवेत. आपण एकाच रकान्यावर निकाल देऊन मोकळे होतो. पुढच्या पानांत शिकणं, वाढणं आणि माणसांत वागणं यांविषयी जे सिद्धांत येतील, त्यांतल्या प्रत्येकामागे कोणीतरी उरलेले तीन रकाने भरायचे कष्ट घेतलेले आहेत. मानसशास्त्र म्हणजे मनकवडेपणा, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. माणसांविषयीची आपली मतं तपासायची ती एक शिस्त आहे.

गंमत अशी, की ही शिस्त कशी असते हे पाहायला लांब जावं लागत नाही. अलिबागच्या किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा उभी आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत होत. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडणार हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. म्हणून काम अलिबागला हलवलं गेलं. १९०४ साली इथे लोखंड टाळून, चुंबकत्व नसलेल्या साहित्यातून इमारती उभ्या राहिल्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुमारे दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे जोडताना जागेमुळे पडलेला फरक कळावा. जे मोजायचं त्यात दुसरं काही मिसळू द्यायचं नाही, आणि तुलनेशिवाय निष्कर्ष काढायचा नाही: प्रयोगाची ही दोन्ही पथ्यं ‘भोळ्या’ अलिबागने शंभर वर्षांपूर्वीच पाळली होती.

माणसाच्या बाबतीत ही पथ्यं पाळणं फार अवघड, कारण मोजलं जातंय हे माणसाला कळतं आणि कळलं की तो बदलतो. त्यामुळे हे शास्त्र तसं उशिरा उभं राहिलं. विल्हेल्म वुंट यांनी लायप्झिगला प्रयोगशाळा काढली ती १८७९ साली. भारतात कोलकाता विद्यापीठात १९१६च्या सुमारास प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, पुणे विद्यापीठात तो १९५०च्या आसपास.

शिकण्यापासून सुरुवात करू. संध्याकाळी रेवदंड्याच्या किंवा मुरूडच्या खडकांवर कोणीतरी गरवत बसलेला असतो. गरी टाकली, ओढली, रिकामी. परत टाकली, परत रिकामी. तासाभराने एखादा मासा लागतो आणि तेवढ्यावर तो आणखी तीन तास बसतो. घरचे म्हणतात, याला वेड लागलंय. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली हजारो तासांच्या नोंदी छापून दाखवलं, की बक्षीस दर वेळी न मिळता केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर वागणूक सगळ्यात चिवट होते. प्रत्येक वेळी दाणा मिळणाऱ्या कबुतराचा दाणा बंद केला तर ते लवकर नाद सोडतं. कधी पाचव्या, कधी पन्नासाव्या टोचीला दाणा मिळालेलं कबूतर दाणा बंद झाल्यावरही टोचत राहतं. जिताड्यासाठी खाडीवर रात्र काढणारा माणूस, लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस आणि दर दोन मिनिटांनी मोबाइल उघडून कोणी लाइक केलंय का ते पाहणारी कॉलेजची मुलगी, तिघंही याच नियमाने बांधलेले आहेत. गरवणाऱ्याला निदान जिताडा तरी मिळतो.

या नियमाला एक शेपूट आहे. स्किनरने १९४८ साली कबुतरांना ठरावीक वेळाने दाणा दिला, ती काहीही करोत. दाणा पडण्याच्या क्षणी जे चाललेलं असेल, कोणी गिरकी घेत असेल, कोणी मान झुलवत असेल, तेच ती पुन्हापुन्हा करू लागली. स्किनरने याला अंधश्रद्धा म्हटलं. पुढे इतर संशोधकांनी त्या हालचालींचा वेगळा अर्थ लावला, तेव्हा ही गोष्ट ब्रह्मवाक्य म्हणून घेऊ नये. मात्र अनिश्चितता आणि विधी यांचं नातं मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्कीने त्याआधीच ट्रोब्रियांड बेटांवर टिपलं होतं. तिथले लोक शांत खाजणात मासे धरताना मंत्रतंत्र करत नसत, खुल्या समुद्रात जाताना मात्र सगळे विधी यथासांग करत. रायगडच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो आणि हंगामाचं मन तयार होतं. त्या नारळाकडे अडाणीपणा म्हणून पाहणाऱ्याने एकदा पावसाळ्यानंतरच्या पहिल्या खेपेला होडीत बसावं. ज्या गोष्टी हातात नाहीत त्यांच्यापुढे माणूस काहीतरी हातात घेतो, हे तिथे लवकर उमगतं.

पावलॉव्हचा कुत्रा सगळ्यांना माहीत असतो. घंटा, अन्न, लाळ. पण पावलॉव्हच्या नियमाला तडे गेले तेही वाचण्यासारखं आहे. पूर्वी असं मानलं जाई, की दोन गोष्टी लगोलग आणि अनेकदा घडल्या तरच त्यांची सांगड बसते. जॉन गार्सिया यांनी १९६६च्या सुमारास उंदरांवर दाखवलं, की चव आणि मळमळ यांची सांगड एकदाच, आणि मध्ये काही वेळ गेला तरी, बसते. चव आणि विजेचा झटका यांची मात्र बसता बसत नाही. शिळा बांगडा खाऊन रात्र मोरीत काढलेल्या माणसाला पुढे वर्षानुवर्षं बांगड्याचा वाससुद्धा नको होतो. त्या दिवशी अंगात असलेल्या सदऱ्याचा त्याला कधीच राग येत नाही. मन कोरी पाटी नाही, कशाची कशाशी गाठ सहज बसेल याची काही तयारी शरीराने आधीच केलेली असते.

आणि पुष्कळसं शिकणं बक्षीस-शिक्षेशिवायच होतं. पेण आणि हमरापूर भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत ते उघड्यावर दिसतं. तिथे शिकायला आलेल्या पोराला कोणी फळ्यावर धडा देत नाही. आधी मूर्ती घासून गुळगुळीत करायची, मग मोठ्या भागांचे रंग, मग दागिन्यांसारखं बारीक काम. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती कसलेल्या हाताकडेच राहते. पोरगा मधल्या काळात फक्त पाहतो. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली बाहुलीला मारणाऱ्या मोठ्या माणसाला पाहून मुलंही तसंच मारतात, हे दाखवून ‘पाहून शिकणं’ पुस्तकांत आणलं. रशियातले लेव विगोत्स्की त्याच्या कितीतरी आधी म्हणत होते, की मुलाला आज एकट्याला जमत नाही पण जाणत्याच्या मदतीने जमतं, त्या पट्ट्यातच खरं शिकवायचं असतं. पेणचे कारागीर आपल्या शिकाऊ मुलांना नेमकं याच पट्ट्यात काम देतात. त्यांच्या कारखान्यात विगोत्स्कीचं नाव कोणी ऐकलेलं नसावं.

शाळेतलं शिकणं आणि बाजारातलं शिकणं यांचं जमत का नाही, हा प्रश्न किनाऱ्यावर आणखी बोचरा होतो. ब्राझीलमधल्या रेसिफे या किनारी शहरात तेरेझिन्या नुनिस काराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक बनून विचारलेले हिशेब मुलांनी जवळजवळ सगळे बरोबर केले, १००पैकी ९८. तेच हिशेब कागदावर नुसते आकडे म्हणून दिले तर बरोबर आले सदतीसच्या आसपास. मुलं पाचच होती, म्हणून शंका घ्यायला जागा होती. पण अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि इतरांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या शेकडो मुलांवर केलेला अभ्यास २०२५ साली आला, त्यातही तेच दिसलं. शाळेतल्या मुलांची गत उलटी: कागदावर ठीक, बाजारात अडखळत. वर्सोलीच्या किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या मुलाला वर्गात ‘ढ’ म्हणण्याआधी शिक्षकांनी हे वाचावं.

मुलांच्या वाढीच्या सिद्धांतांबाबत थोडी सावधगिरी इथूनच सुरू होते. झाँ पियाजे यांनी मुलं टप्प्याटप्प्याने विचार करायला शिकतात असं सांगितलं, त्याचा पाया पुष्कळसा स्वित्झर्लंडमधल्या मुलांवर, त्यातही त्यांच्या स्वतःच्या तीन मुलांवर होता. आल्फ्रेड बिने यांची बुद्धिमापन चाचणी पॅरिसच्या शाळांसाठी बनली. ती इथे जशीच्या तशी लावली तर मोजली जाईल ती बुद्धी की पॅरिसची सवय? डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी हा प्रश्न वेळीच ओळखून १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी चाचणी नव्याने बेतली, आणि १९४० साली त्यावर पुस्तक लिहिलं. ‘बिने-कामत’ हे नाव आजही मुलांच्या मानसिक तपासणीत ऐकू येतं. मराठी वाचकाला या शास्त्रातलं आपलं माणूस म्हणून कामत ठाऊक असायला हवेत, पण ते फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

मूल आणि आई यांच्या ओढीविषयीचे जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांचे सिद्धांत एका आईभोवती, एका घरात रचलेले वाटतात. कोकणातल्या घरात बाप चाकरमानी म्हणून मुंबईला, मूल आजीच्या, काकूच्या, मोठ्या बहिणीच्या कडेवर, हे चित्र कित्येक पिढ्यांचं आहे. सुधीर कक्कर यांनी १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात भारतीय बालपणाच्या या वेगळेपणावर लिहिलं. २०१० साली जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी तर आकडेवारीच मांडली, की मानसशास्त्रातले बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू लोकांवर, त्यातही कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. म्हणून सिद्धांत फेकून द्यायचे नाहीत. ते इथे लागू होतात का, हे इथे पाहायचं.

माणसांत माणूस कसा वागतो, या तिसऱ्या भागात मात्र रायगडला कोणाकडून उदाहरणं उसनी घ्यायची गरज नाही.

१७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मध्येच बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. पावसाळी वादळात मोठी लाट आली, बोट कलंडू लागली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट आडवी झाली, असं त्या दुर्घटनेचं वर्णन केलं जातं. प्रत्येकाने स्वतःपुरतं शहाणपणाचंच केलं होतं, सगळ्यांनी मिळून मात्र बोट उलटवली. याच दुर्घटनेची दुसरी बाजूही किनाऱ्यावर सांगितली जाते: मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकून बुडणाऱ्यांना वर घेतलं.

पाठ्यपुस्तकांत मदतीचं प्रकरण उलट गोष्टीने सुरू होतं. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून होत असताना ३८ जण नुसते पाहत राहिले, अशी बातमी आली. जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८ साली प्रयोगांनी दाखवलं, की बघे जितके जास्त तितका एकेकाचा मदतीचा हात आखडतो, कारण जबाबदारी वाटली जाते. प्रयोग पक्के होते, पण ती मूळ बातमीच फुगवलेली होती, हे २००७ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी कागदपत्रांवरून दाखवलं. तरी अनेक पुस्तकांत ३८ साक्षीदार अजून उभेच आहेत. मग रेवसचे कोळी का थांबले नाहीत? त्यांना पोहायला येत होतं, होडी हाकता येत होती, आणि बुडणारा माणूस वर घ्यायचा हा दर्यावरचा जुना रिवाज होता. बघ्याला काय करायचं हे ठाऊक असेल तर तो बघा राहत नाही, याला पुढच्या संशोधनातही आधार सापडतो.

महाडकडे वळलं की विषय गंभीर होतो. सी. के. बोले यांच्या ठरावामुळे १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळ्याबाबत तसा ठराव केला. कागद झाला, पण तळ्यावर कोणी गेलं नाही. सगळे जण इतर काय करतील याकडे पाहत होते. सामाजिक रूढी याच बळावर उभी असते, म्हणून ठरावाने ती हलत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसांनी तळ्यावर जाऊन पाणी घेतलं, सर्वांच्या देखत. त्यानंतर काही तासांत गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा काही बेत नव्हता. पण जमाव चालून आला आणि परिषदेहून परतणाऱ्यांना मारहाण झाली. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी अफवेचं सूत्र वीस वर्षांनी, १९४७ साली मांडलं: विषय जितका महत्त्वाचा आणि माहिती जितकी संदिग्ध, तितकी अफवा धावते. महाडची संध्याकाळ त्या सूत्रात चपखल बसते. पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, खटला चालला, आणि उच्च न्यायालयाने तळं सर्वांचं असल्याचा निकाल दिला तो १७ मार्च १९३७ला.

सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत रेघांची लांबी सांगायची होती. डोळ्यांना उत्तर स्वच्छ दिसत असताना, इतर सगळे चुकीचं बोलले म्हणून चारातले तीन जण एकदा तरी चुकीचं बोलले. पण खोलीत एकच माणूस खरं बोलणारा निघाला, की अशी चूक एक चतुर्थांशावर आली. अलिबाग तालुक्यातलं चरी गाव या आकड्याच्या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखं आहे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. शेत पडीक ठेवून, लाकूडफाटा विकून, पोटाला चिमटा घेऊन तो संप १९३९पर्यंत टिकला. असा संप मोडायला बाहेरचा शत्रू लागत नाही. एका घराने गुपचूप नांगर धरला की शेजारी विचार करू लागतो. शेकडो घरांनी सहा वर्षं तसं होऊ दिलं नाही, हे जगातल्या कोणत्याही सामाजिक मानसशास्त्राच्या पुस्तकात यायला हवं, आणि ते सहसा येत नाही. १९३९च्या कूळ कायद्याने कुळांना काही संरक्षण मिळालं त्यामागे या लढ्याचा वाटा होता.

वाचकाने एक सावधगिरी सतत बाळगावी. २०१५ साली मानसशास्त्रातले शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा जेमतेम ३६ टक्के अभ्यासांत पहिल्यासारखा ठळक परिणाम दिसला. याने शास्त्राची लाज गेली असं काहींना वाटलं. ज्या शास्त्राने स्वतःच स्वतःची झडती घेऊन निकाल छापला, त्याच्यावर उलट थोडा अधिक विश्वास ठेवायला हरकत नसावी.

शेवटी अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, महाडच्या शिक्षकांना एक विनंती. सिद्धांतांची नावं पाठ करून घेण्याआधी मुलांना बंदरावरच्या लिलावात, पेणच्या कारखान्यात, एसटीच्या रांगेत वही घेऊन पाठवा. कोण किती वेळा काय करतं ते मोजू द्या, मतं नंतर लिहू द्या. स्टॅन्ली मिलग्रमने १९६१ साली लोकांना खरा हेतू न सांगता खोट्या विजेच्या झटक्यांच्या प्रयोगात गुंतवलं, आणि त्यांना झालेल्या मनस्तापावरून या शास्त्राला संमतीचे नियम घट्ट करावे लागले. तेव्हा मुलांनी ज्यांच्याशी बोलायचं त्यांना आधी हेतू सांगून विचारावं, कोणाचं नाव वहीत लिहू नये, आणि समोरची कोळीण ‘आता नको, धंद्याची वेळ आहे’ म्हणाली तर दुसऱ्या दिवशी जावं.